तुझ्या क्रुसावर काय लिहावे

बुधवार, २१ जानेवारी. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत.

पास्कल, तुझ्या क्रुसावरच्या पाटीचा मजकूर दगडवाल्याला आज संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. परवा तुझी महिन्याची मिस्सा. त्याआधी पाटी बसली पाहिजे, असे मार्थाने सांगितले आहे. तुझ्या घरात शेवटचा शब्द तुझ्या बायकोचा असे. तो अजून आहे. नाव आणि साले दगडवाल्याकडे केव्हाच पोहोचली. त्यांच्याखाली एक ओळ हवी आणि ती मी द्यावी, असे ठरले आहे. चार दिवस झाले. मी ओळ दिलेली नाही.

तू गेलास ती दुपार मी येथे लिहिणार नाही. तू कोठे शिकलास, किती वर्षे इंग्रजी शिकवलेस, हेही लिहिणार नाही. ते मिस्सेनंतर कोणीतरी माइकवर वाचून दाखवील आणि त्यात दोन चुका असतील. मला तुझ्याशी एका कामाबद्दल बोलायचे आहे.

काम असे. तुझ्या रॉनीने दोह्याहून फोनवर एक वाक्य पाठवले: ‘ही एन्डेव्हर्ड टु द लास्ट.’ अखेरपर्यंत प्रयत्न करीत राहिला, असा त्याचा आशय. सोबत विनंती, की अंकल, पप्पांच्या क्रॉससाठी आहे, जरा ग्रामर बघा. ग्रामर शुद्ध आहे. ज्याच्या बापाने ते शिकवले त्याचे अशुद्ध कसे असेल? पण शब्द तुझा नाही. एन्डेव्हर हा कोट घातलेला शब्द. तू कोट एकदाच घातलास, लग्नात, आणि तो मेव्हण्याचा होता. म्हणून मी दुसरा शब्द शोधू लागलो. ट्राय, अटेम्प्ट, स्ट्राइव्ह. चौघांना समोर बसवून चार दिवस बघतो आहे. एकही उठून उभा राहत नाही.

खरी अडचण ही नव्हे. खरी अडचण अशी, की तुझ्या क्रुसावर काही लिहू नये, असे तू मला सांगितले होतेस. ते रॉनीला ठाऊक नाही. मार्थाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे आणि मी तरीही शब्द शोधतो आहे.

दूध आले. तापवले. परत बसलो.

दोन नोव्हेंबर, तुमचा मृतांचा दिवस. वटार गावच्या घराघरांतून त्या दिवशी माणसे बादली, खराटा, चुन्याचा डबा आणि फुले घेऊन चर्चमागच्या दफनभूमीत जातात. तुझ्याबरोबर मी इतकी वर्षे गेलो, की तुझे शेजारी मला पाहून कोणाचा पाहुणा असे विचारीनासे झाले. तू आईवडिलांचा क्रूस घासायचास, मी पाणी ओतायचो. चुना वाळेपर्यंत दुसरे काम नसे. मग आपण रांगेने फिरून पाट्या वाचत असू. लोक मृतांसाठी प्रार्थना करीत आणि आपण मृतांचे इंग्रजी तपासत असू. जन्मभर हातात लाल पेन धरलेल्या माणसांनाच हे सुचते. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

एकदा एका पाटीवर ‘पीस’चे स्पेलिंग चुकून शांतीच्या जागी तुकडा झाला होता. तो गृहस्थ तुकड्यात विसावला होता. तुला हसू आवरले नाही. त्याची म्हातारी बायको मागेच मेणबत्ती लावत उभी होती. तिने विचारले, “काय रे पास्कू, काय झालं?” तू म्हणालास, “काही नाही मावशी, अक्षर फार सुंदर काढलंय.” ती म्हणाली, “मग रडायचं तिथे हसतोस कशाला?” त्यानंतर ती पाटी आली, की तू टोपी काढून पुढे जायचास.

गेल्या नोव्हेंबरात आपण ज्या पाटीपाशी थांबलो तिच्यावर लिहिले होते, की हा मनुष्य गरिबांसाठी झटला. इंग्रजीत स्ट्राइव्ह वापरले होते आणि त्याचे भूतकाळाचे रूपही बरोबर होते. मी समाधान व्यक्त केले. तू म्हणालास, “रूप बरोबर आहे, माणूस चुकलाय. याचं रेशनचं दुकान होतं. गरीब त्याच्या दारात झटायचे.” मग वाद सुरू झाला. तो कशाबद्दल होता ते पुढे सांगतो. तो अर्ध्यावर राहिला, कारण चुना वाळला. तू बादली उचललीस आणि माझ्याकडे न पाहता म्हणालास, “सोमण, माझ्या पाटीवर नाव आणि साल. बाकी एक अक्षर नको. समजलं?”

मी म्हणालो, समजले.

तू हसलास.

हसला नसतास तर प्रश्न मिटला होता. तो हुकूम ठरला असता आणि मी तो पाळला असता. मी हुकूम पाळणारा मनुष्य आहे. पण तू हसलास, आणि तेव्हापासून तुझ्या त्या वाक्याला कोणत्या खणात ठेवावे हे मला कळत नाही. परतताना वाटेतच विचारता आले असते. विचारले नाही, कारण घाई नव्हती. सत्तरी उलटलेली माणसे घाई नाही असे कशाच्या आधारावर धरून चालतात, हा वेगळा प्रश्न आहे.

रविवारच्या वर्गात हुकमाचे शब्द आपण दोघांनी मिळून शिकवले. एक शब्द तू घ्यायचास, त्याचा शेजारी मी. तुझ्या ओसरीवर मुले बसायची, मराठी शाळांतली, कोणी पोलीस भरतीची, कोणी बँकेची तयारी करणारी. आपला नियम ठरलेला होता. शब्दकोशातला अर्थ सांगायचा नाही. तो शब्द वसईत कोठे राहतो ते दाखवायचे. मुलांनी तो तेथे जाऊन ऐकायचा, मगच वापरायचा.

कमांड अर्नाळ्याला राहतो, हे तू सप्रमाण शिकवलेस. आपण किल्ल्यावर जायला होडीत बसलो होतो. होडी हाकणारा तांडेल तुझा जुना विद्यार्थी. किनाऱ्यावर तो तुला वाकून सर म्हणाला. होडी सुटली, लाट आली आणि नेमके तेव्हा तुला उभे राहून किल्ला बघायचा होता. तो ओरडला, “बस खाली!” तू धपकन बसलास, तेही माझ्या मांडीवर. पलीकडे उतरल्यावर तू त्याला विचारलेस, काय रे, मला अरेतुरे? त्याने दोर ओढता ओढता उत्तर दिले, “सर, शालेत तुमी मास्तर. पान्यात मी.” तू तो प्रसंग पुढे प्रत्येक तुकडीला सांगितलास. आधी पाळायचे आणि मग समजून घ्यायचे, तो कमांड. ऑर्डर पाळताना कुरकुरायला वेळ मिळतो. कमांडमध्ये तेवढा वेळ नसतो.

इन्स्ट्रक्ट मी घेतला. त्यात हुकमाबरोबर कृतीही सांगितलेली असते. केळीच्या खुंटाला किती अंतर ठेवायचे, पाणी कोणत्या बाजूने सोडायचे, हे तू तुझ्या वाडीतल्या माणसाला सांगायचास, तो इन्स्ट्रक्ट. आणि डायरेक्ट आमच्या एव्हरशाईन वसाहतीत राहतो. खाली इमारतीचा रखवालदार मागे येणाऱ्या गाडीला ‘येऊ द्या, येऊ द्या, बस’ करतो. त्याला गाडी चालवता येत नाही. तरी गाडीवाला त्याचे ऐकतो, कारण मागचे त्याला दिसते. या उदाहरणावर तू हरकत घेतलीस. तुझे म्हणणे, त्यात अधिकार नाही, नुसते हातवारे आहेत. मी म्हणालो, दिसणे हाच त्याचा अधिकार. मुले आळीपाळीने आपल्याकडे बघत राहिली. एका मुलीने विचारले, “सर, परीक्षेत कोणाचं लिहायचं?” आपण दोघांनी एकाच वेळी ‘माझं’ म्हटले.

मग तुझे ते वाक्य कोणते? कमांड नव्हे, कारण होडी बुडत नव्हती. इन्स्ट्रक्ट म्हणावा तर त्यात कृती कोठे आहे? ऑर्डर म्हणावा तर तू कधीच मला ऑर्डर दिली नाहीस.

एकदा दिली होतीस. तीच लिहितो.

माझी बायको, सुमन, गेली तेव्हा मी दार लावून घेतले होते. लोक आले, बसले, बोलले, गेले. तू महिनाभर आला नाहीस. मला त्याचा राग होता. मग एका शनिवारी आलास. तीन मजले चढून, खांद्यावर केळ्यांचा लोंगर घेऊन. तो दारात ठेवलास. पंखा लावायला सांगितलास. घाम पुसलास. सुमनबद्दल एक शब्द काढला नाहीस. म्हणालास, “उद्या नऊ वाजता ओसरीवर वर्ग आहे. मी कमांड घेतोय, तुम्ही ऑर्डर घ्या. वेळेवर या, मुलं लांबून येतात.” मी म्हणालो, मी कोणताही वर्ग घेणार नाही. तू म्हणालास, “मी विचारलं नाहीये.” आणि उतरून गेलास. लोंगर तसाच दारात. एकट्या माणसाने तो कसा संपवायचा, हेही सांगितले नाहीस. दुसऱ्या दिवशी उरलेली केळी घेऊन मी वटारला आलो. मुलांना वाटली. ऑर्डर शिकवला.

त्या दिवशी निघताना मी तुला पहिल्यांदा ‘तू’ म्हणालो. त्याआधी इतकी वर्षे शाळेत शिक्षकांच्या एका खोलीत बसून आपण एकमेकांना अहोजाहो करीत होतो. तू ते ऐकलेस आणि ऐकले नाही असे दाखवलेस. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. आज मानतो.

उठलो. गॅलरीत उभा राहिलो. खाली एक गाडी मागे येते आहे. येऊ द्या, येऊ द्या. परत आत आलो. साडेनऊ होऊन गेले असतील, मी घड्याळ पाहिलेले नाही.

आता तो अर्धा वाद. प्रयत्नाच्या शब्दांचा. तो वर्ग आपण नाताळानंतर घेणार होतो. मुलांना तसे सांगितलेही होते. त्यांनी मला या महिन्यात दोनदा विचारले, की पुढचा वर्ग केव्हा. मी कळवतो म्हणालो.

माझे मत तुला माहीत होते. ट्राय हा घाईचा शब्द आहे. तो बाटलीच्या झाकणाला लावतात, नव्या लोणच्याला लावतात. रिक्षा मिळते का हे पाहण्यालाही तोच. अटेम्प्टला निदान दिवस आणि वार असतो. तो मोजता येतो. परीक्षेला आपण अटेम्प्ट म्हणतो ते उगीच नाही. पण त्याला आधीच नापास झाल्याचा वास येतो. एन्डेव्हरमध्ये सातत्य आहे, मर्यादा आहे. स्ट्राइव्हमध्ये समोर कोणीतरी आडवे उभे आहे. विद्यार्थ्याने ‘आय ट्राइड माय बेस्ट’ लिहिले, की मी खाली लाल रेघ मारीत असे. आळशी माणसाचे वाक्य. तू त्याच वाक्याला गुण द्यायचास. एका पेपरावर माझी रेघ आणि तुझे गुण दोन्ही पडले होते. मुख्याध्यापकांनी आपल्याला बोलावून घेतले आणि आपण त्यांच्यासमोरही वाद घातला. ते म्हणाले, तुम्ही दोघे बाहेर जाऊन भांडा, मला कामे आहेत. ही मात्र ऑर्डर होती.

दफनभूमीत मी तुला तेच पुन्हा सांगितले. तू आईच्या क्रुसाला बोट लावून चुना वाळला का ते पाहत होतास. म्हणालास, “सोमण, ट्राय करणारा आपल्या हाताकडे बघतो. एन्डेव्हर करणारा आरशात बघतो.” मी म्हणालो, हे वाक्य चटपटीत आहे, पण पुरावा नाही. पुरावा देतो म्हणालास. तेवढ्यात चुना वाळला.

पुरावा राहिला. त्यापायी मी तुझ्या नावाने रोज खडे फोडतो आहे. तू उत्तर अर्धे टाकून जाण्याची ही पहिलीच वेळ नाही, पण यापूर्वी तू दुसऱ्या दिवशी भेटत होतास.

हे असे बसून काही होणार नाही. मार्थाला सांगितले पाहिजे, की तू काहीही लिहू नको म्हणाला होतास. मग ती ठरवील. वटारला जातो.

संध्याकाळ. परत आलो. जे झाले ते क्रमाने लिहितो.

मार्था अंगणात होती. राजेळी केळी सोलून उन्हात घातली होती, सुकेळी करायला. तू नसताना या वर्षी ती सुकेळी घालणार नाही, असे मला वाटले होते. तिने मला खुर्ची दिली नाही. म्हणाली, “सर, कावळा बघा जरा.” मी काठी घेऊन उभा राहिलो. घरात तुम्ही कादोडी बोलता. माझ्याशी ती शाळेतली मराठी बोलते आणि शाळेत असल्यासारखी उभी राहून बोलते. आज मी उभा होतो आणि ती बसून केळी उलटत होती.

मी घसा साफ केला. गेल्या नोव्हेंबरात काय घडले ते सांगितले. नाव आणि साल, बाकी एक अक्षर नको, असे पास्कल मला स्पष्ट बोलला होता. ही गोष्ट तुम्हाला आधीच कळवायला हवी होती. आता तुम्ही म्हणाल तसे.

तिचा हात थांबला नाही. “मला माहीत आहे.”

मी विचारले, कसे?

“त्याच दिवशी घरी आले ना, बादली ठेवली आणि हसत बसले ओसरीवर. मी म्हटलं, काय झालं. तर म्हणाले, आज सोमणला बजावून आलोय, माझ्या पाटीवर काही लिहायचं नाही म्हणून. आता बघ. मी गेलो, की त्याला झोप यायची नाही. महिनाभर डोकं खाजवील आणि मग नीट काहीतरी लिहील. सरळ सांगितलं असतं, लिही, तर नाही म्हणाला असता.”

मी म्हणालो, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितले?

“तुम्ही पण कुठे सांगितलं?” मग लगेच, “कावळा.”

कावळ्याने एक केळे नेले. मी पाहतच राहिलो.

पास्कल, तुझे ते वाक्य कोणत्या खणात ठेवायचे ते मला तेथे काठी धरून उभे असताना कळले. तो हुकूम नव्हताच. तू मला गृहपाठ दिला होतास. आपण आयुष्यभर मुलांना दिला आणि हुकमाच्या शब्दांत हा शब्द फळ्यावर लिहायचे मात्र दोघांच्याही ध्यानात आले नाही. मला राग आला. या वयात मला गृहपाठ देणारा तू कोण, हे विचारायला तू जागेवर नव्हतास. राग तसाच घेऊन उभा राहिलो. नंतर तो कमी झाला. किती, ते सांगत नाही.

मी तिला रॉनीचे वाक्य सांगितले, अर्थ सांगितला. चारही शब्द सांगितले. एन्डेव्हरचा कोट सांगितला. कशाला काय चिकटले आहे ते नीट समजावले. वर्गात समजावतो तसे. तिने सगळे ऐकून घेतले.

“सर, इंग्रजी कशाला?”

मी म्हणालो, तो इंग्रजीचा शिक्षक होता.

“ते होते. तिथे दर रविवारी फुलं घेऊन मी जाणार. तुम्ही दोघं दुसऱ्यांच्या पाट्या वाचत फिरायचा. मला माझ्या नवऱ्याची एक तरी वाचता यायला पाहिजे ना?”

चार दिवस मी ज्या चार शब्दांची उलटतपासणी घेत होतो, त्यांतला एकही जिच्यासाठी पाटी लावायची तिला वाचता आला नसता. हे मला सुचले नव्हते. तुलाही सुचले नसते. आपल्यापैकी जो मागे राहील त्याच्या हातून हेच होणार होते.

मग तिने मला केळीच्या मागे नेले. तेथे एक काठीएवढे झाड आहे, पाने करपलेली. मी ते कधी पाहिले नव्हते. सफरचंदाचे. रॉनीच्या सासऱ्याने सिमल्याहून आणून दिलेले. वटारच्या खाऱ्या वाऱ्यात सफरचंद येत नाही, हे शेजारच्या शेंबड्या पोराला कळते आणि तू त्याला चार वर्षे पाणी घातलेस. मला सांगितले नाहीस, कारण मी काय बोललो असतो ते तुला ठाऊक होते. मार्था म्हणाली, “मी रोज ओरडायची, पाणी फुकट जातं. म्हणायचे, करून बघू. गेल्या वर्षी एक फूल आलं. गळलं. तरी त्या दिवशी जेवताना दोनदा सांगितलं मला, फूल आलं होतं म्हणून.”

तुझा राहिलेला पुरावा माझ्यासमोर उभा होता. तू आरशात बघत नव्हतास, हे मान्य.

मी खिशातून पेन काढले. तिच्याकडे कागद मागितला. तिने कॅलेंडरचे जुने पान दिले. मागे मी लिहिले: करून पाहिले.

तिने कागद लांब धरून वाचला. “हे ते नाही बोलणार. पाहिले कोण बोलतं?”

मी म्हणालो, दगडावर प्रमाण भाषा असावी. शिवाय पाहणे आणि बघणे यांत फरक आहे. पाहण्यात विचार आहे, बघण्यात नुसते डोळे आहेत.

“डोळेच होते त्यांचे,” ती म्हणाली. “झाडाकडे रोज सकाळी जाऊन बघायचे. पाहायचे नाही, बघायचे.”

मी आणखी दोन मुद्दे मांडले. ती केळ्यांकडे गेली. मी खोडून दुसरे लिहिले. तिने तिकडूनच विचारले, “लिहिलं?” मी हो म्हणालो. रॉनीला पप्पा अपयशी ठरल्यासारखे वाटेल, ही शंका मी काढली. ती म्हणाली, “त्याला मी सांगते.” आपल्या मराठीत सांगणे हा किती मोठा शब्द आहे, पास्कल. कमांड, ऑर्डर, इन्स्ट्रक्ट, सगळे त्या एका उंबऱ्याच्या आत राहतात आणि तेथे मार्था उभी असते. पुढल्या वर्गात हे घेईन. आता पुढच्या रविवारी वर्ग आहे, नऊ वाजता, तुझ्याच ओसरीवर. तिने परवानगी दिली नाही. ती म्हणाली, “मुलांना चहा द्यायचा की सरबत?”

प्रयत्नाचे शब्द मी एकटा घेणार. ट्राय तुझ्या बाजूने शिकवीन, एन्डेव्हर माझ्या बाजूने. तुझी बाजू कमकुवत मांडणार नाही, इतके तुला सांगू शकतो. तुझ्याशी वाद घालायला मला तुझ्याइतकाच चांगला माणूस लागेल आणि तो मीच व्हायला हवा. हे जमेल असे मला वाटत नाही.

तेथून दगडवाल्याकडे गेलो. आता बहुतेक जण यंत्रावर कापतात. हा अजून हाताने कोरतो. काळा दगड अंगणात दोन लाकडांवर आडवा ठेवला होता. तुझे नाव झाले होते. त्याला छिन्नीच्या खुणा होत्या आणि मी ते वाचले नाही. साले झाली होती.

त्याने कागद पाहिला, उलटा करून मागची तारीखही पाहिली. “एवढंच? साहेब, जागा भरपूर आहे. एखादी प्रार्थना टाकू, दोन हात जोडलेले टाकू, छान दिसतात.” नको म्हणालो. “करून बघितलं, म्हणजे काय केलं? लोक विचारतील मला.” मी म्हणालो, विचारू देत. त्याने खांदे उडवले. “बघा हां, मग चेंज नाही होणार. दगड आहे.” ठाऊक आहे, असे मी सांगितले.

त्याने खडूने अक्षरे काढली. सावकाश काढली. पहिल्या शब्दाची जागा चुकली होती, ती पुसून परत काढायला लावली. दुसऱ्यांदा बरोबर आली. उद्या सकाळी कोरायला घेतो म्हणाला आणि हात धुवायला गेला. अंगण उघडे होते. संध्याकाळचा वारा सुटला होता आणि रस्त्यावरची धूळ दगडावर येऊ लागली होती. भिंतीपाशी एक गोणपाट पडले होते. ते झटकले, अक्षरांना घासणार नाही असे वरून अलगद पसरले, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि घरी आलो.